रंगीत सांडपाणी, नॅनो पावडर आणि बॅक्टेरिया: पुण्यात प्रोजेक्ट सुरू करताना काय, कसं आणि कुठल्या क्रमाने

पुण्यात मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, केमिस्ट्री, एन्व्हायर्नमेंटल सायन्स शिकणाऱ्यांत दरवर्षी कोणी ना कोणी रंगीत सांडपाण्यातला डाय नॅनो पावडर आणि बॅक्टेरिया वापरून काढून टाकायचा हा विषय प्रोजेक्टला घेतंच, आणि का घेतात तेही कळतं, खर्च आवाक्यात असतो आणि रिझल्ट डोळ्याला दिसतो. सकाळी गडद निळं असलेलं पाणी संध्याकाळी पारदर्शक झालं की फोटो काढायचा आणि रिपोर्टला लावायचा. मला खटकतं ते इथेच. पाण्यातला रंग दिसेनासा झाला म्हणजे तो कुठेतरी गेलाय, आणि कुठे गेला हे शोधणं हाच खरा प्रोजेक्ट आहे. तो पावडरला चिकटलेला असू शकतो, बॅक्टेरियाच्या पेशींना चिकटलेला असू शकतो, अर्धवट तुटून दुसरंच काहीतरी झालेलं असू शकतं जे मूळ रंगापेक्षा जास्त विषारी आहे, किंवा नुसतं रूप बदलून तिथेच बसलेला असू शकतो. पूर्ण तुटून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी झाला असेल तर उत्तमच, पण ते सिद्ध करायला लागतं. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे, रंग गेला कुठे.

आधी थोडं कारखान्याबद्दल

सुती कापड रंगवायला मुख्यतः रिॲक्टिव्ह डाय वापरतात आणि त्यातले बहुतेक ॲझो जातीचे, म्हणजे रेणूमध्ये दोन नायट्रोजन दुहेरी बंधाने जोडलेले, रंग येतो तो मुख्यतः तिथूनच. हे डाय कापडावर पूर्ण बसत नाहीत, जातीप्रमाणे साधारण १० ते ४० टक्के भाग पाण्यातच राहतो. वर रंग बसवायला मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट आणि सोडा भरपूर घालतात, त्यामुळे बाहेर पडणारं पाणी रंगीत, खारट, गरम आणि पीएच १० च्या आसपास किंवा वर असतं. पुण्यात कापड रंगवणारे कारखाने तसे कमी, भोसरी-चाकण पट्टा गाड्यांच्या पार्ट्सचा आणि कुरकुंभ केमिकलचं, त्यामुळे खरं डाईंगचं पाणी हवं असेल तर इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसकडे किंवा सोलापूरच्या टॉवेल-चादरीवाल्यांकडे बघावं लागतं. पण ते नंतर. पहिल्याच दिवशी कारखान्याच्या पाण्याला हात घालू नका, आधी लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकच डाय घालून सगळी पद्धत बसवा.

कुठला डाय घ्यायचा

इथे वेळ द्या, कारण निम्मे प्रोजेक्ट इथेच बिघडतात.

मिथिलीन ब्लू सगळ्या लॅबमध्ये बाटलीत पडलेला असतो म्हणून सगळे तोच घेतात. नॅनो पावडरच्या भागासाठी ठीक आहे, स्वस्त आहे, ६६४ नॅनोमीटर वेव्हलेंग्थला प्रकाश शोषणाचं छान शिखर, म्हणजे पीक, येतं. पण बॅक्टेरियाच्या भागासाठी तो अजिबात घेऊ नका. बॅक्टेरिया वाढताना ऑक्सिजन संपवतात आणि मिथिलीन ब्लूला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं बिनरंगी रूप करतात, ल्युको मिथिलीन ब्लू. डाय तुटलेला नसतो, तो तसाच्या तसा असतो, फक्त दिसत नाही. दूध डेअरीत हीच गोष्ट टेस्ट म्हणून वापरतात, दुधात मिथिलीन ब्लू टाकून ठेवायचं आणि रंग किती वेळात जातो त्यावरून दुधात जंतू किती ते ठरवायचं. तर जी गोष्ट डेअरीत जंतू मोजायला वापरतात ती तुम्ही 'डिग्रेडेशन' म्हणून रिपोर्टमध्ये घालताय. ओळखायची सोपी युक्ती अशी की बिनरंगी झालेला फ्लास्क पाच-दहा मिनिटं जोरात हलवा, हवा मिसळली की निळा रंग परत आला तर तो डाय कुठे गेलाच नव्हता.

काँगो रेड ॲझो आहे, पण तो पीएच कमी झाला की निळसर होतो, आणि ग्लुकोजवर वाढणारे बॅक्टेरिया ॲसिड करतातच, म्हणजे ४९७ च्या आसपासचं रिडिंग पीएचमुळे पडलं की डाय तुटल्यामुळे ते कळत नाही. शिवाय तो बेंझिडीनपासून बनलेला, तुटला की बेंझिडीन सुटू शकतं, आणि बेंझिडीन माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. नवख्यांनी लांब राहावं. मिथाइल ऑरेंज तर इंडिकेटरच आहे, ३.१ ते ४.४ पीएचमध्ये रंग बदलतो.

माझी पसंती रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ ला. दोन ॲझो बंध, ५९७ च्या आसपास पीक, कापड उद्योगात प्रत्यक्ष वापरला जातो, म्हणजे तुमच्या कामाचा कारखान्याशी काहीतरी संबंध राहतो. एक लक्षात ठेवा, हे डाय शुद्ध मिळत नाहीत, पावडरमध्ये निम्मा भाग मीठ-बीठ असू शकतो, त्यामुळे १०० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) लिहिताना ते पावडरच्या वजनाने आहे हे स्पष्ट लिहा आणि शेवटपर्यंत एकच पाकीट वापरा. आणखी एक, कारखान्यातून जो डाय बाहेर येतो तो सोड्याच्या गरम पाण्यात हायड्रोलाइझ झालेला, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया होऊन बदललेला असतो. तुम्हीपण स्टॉक सोल्युशन पीएच १२ ला नेऊन ८० अंशाला तासभर ठेवा, गार करा, ७ ला आणा, मग वापरा. एवढंसं काम आहे पण बरेच जण करत नाहीत.

मोजायचं कसं

कलरिमीटर असला तरी चालतं पण यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळत असेल तर तोच घ्या, कारण एका वेव्हलेंग्थचं रिडिंग पुरेसं नाही, पूर्ण स्कॅन हवा. आधी कॅलिब्रेशन, म्हणजे डायच्या माहीत असलेल्या प्रमाणांची रिडिंग घेऊन रेष काढायची. मिथिलीन ब्लूसाठी १ ते ५ पीपीएम बस्स, त्याच्यावर ॲबसॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला त्याचा आकडा) इतका चढतो की रेष वाकते. ब्लॅक ५ साठी ५ पासून ४० पर्यंत जा आणि जिथे ॲबसॉर्बन्स १ ते १.२ च्या वर जाईल तिथे थांबा. सँपल गडद असेल तर पातळ करून मोजा आणि गुणाकार करा. टक्केवारी काढायची तर सुरुवातीच्या ॲबसॉर्बन्समधून आत्ताचा वजा करा, सुरुवातीच्याने भागा, शंभराने गुणा, हे सगळ्यांना माहीत असतं.

माहीत नसतं ते हे. सँपलमध्ये पावडर किंवा पेशी राहिल्या तर प्रकाश विखुरतो आणि रिडिंग फुगतं, म्हणून प्रत्येक सँपल आधी सेंट्रिफ्यूज करा, ८ ते १० हजार आरपीएमला १० मिनिटं. सिरिंज फिल्टर वापरायचा मोह होतो पण फिल्टरचा कागद स्वतःच डाय पकडतो, मिथिलीन ब्लू तर फार, त्यामुळे आधी साधा डाय फिल्टरमधून काढून किती कमी होतो ते बघा. प्लास्टिकच्या क्युव्हेटला डाग बसतात, काचेची घ्या, मधे मधे अल्कोहोलने धुवा. २०० ते ३०० च्या भागात बघायचं असेल तर क्वार्ट्झची लागते, साधी काच तिथला प्रकाश खाते. आणि तो भाग बघाच, कारण ॲझो बंध तुटला की ५९७ चं पीक जातं पण बेंझिन-नॅप्थॅलीनचे तुकडे तिकडे खाली २०० ते ३५० मध्ये दिसत राहतात, दृश्य पीक गायब आणि खालचं तसंच किंवा नवीन उगवलेलं असेल तर समजायचं की रेणू अर्धाच तुटलाय.

नॅनोचा भाग

दोन रस्ते. टायटॅनियम डायऑक्साइड (टायटॅनिया), म्हणजे प्रकाश पडल्यावर काम करणारं, आणि मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं काळं ऑक्साइड जे चुंबकाने ओढून काढता येतं. पहिल्याचा पाया १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी घातला, टायटॅनियावर प्रकाश टाकून पाणी तोडता येतं हे त्यांनी दाखवलं. बाजारात पी२५ नावाची पावडर मिळते, साधारण ८० टक्के ॲनाटेज आणि २० टक्के रुटाइल (टायटॅनियाची दोन स्फटिकरूपं), कण २० नॅनोमीटरच्या आसपास. टायटॅनियाला ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी वेव्हलेंग्थचा प्रकाश लागतो, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, साधा ट्यूबलाइट उपयोगाचा नाही. ३६५ ची यूव्ही ट्यूब किंवा एलईडी घ्या, बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांमध्ये चौकशी केली तर मिळून जाईल, फक्त विकणाऱ्याने सांगितलेल्या वेव्हलेंग्थवर भरवसा ठेवू नका, डेटाशीट मागा, जांभळा दिसणारा प्रत्येक दिवा ३६५ चा नसतो.

सूर्यप्रकाशात करायचं असेल तर पुण्यात फेब्रुवारी ते मे हाच काळ, सकाळी अकरा ते दुपारी तीन. उन्हात यूव्हीचा वाटा ४-५ टक्केच असतो पण तेवढा पुरतो. जून ते सप्टेंबर ढगांच्या भरवशावर प्रोजेक्ट ठेवू नका. उन्हात ठेवलेल्या बीकरमधलं पाणी उडतं आणि डाय घट्ट होतो, म्हणून बाहेरून पातळीची खूण करा आणि सँपल काढायच्या आधी डिस्टिल्ड वॉटरने खुणेपर्यंत भरा. बीकर पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये तापमान किती चढेल सांगता येत नाही.

पद्धत: १०० मिली डाय, ५० ते १०० मिलिग्रॅम पावडर, पाच मिनिटं सोनिकेटरमध्ये, मग अंधारात स्टररवर ३० मिनिटं. हा अंधाराचा अर्धा तास टाळायचा नाही, कारण पावडर टाकल्या टाकल्या डाय तिच्यावर चिकटतो आणि ते तोडणं नव्हे. अंधार संपताना जे रिडिंग येईल ते तुमचं शून्य मिनिटाचं रिडिंग. मग लाइट चालू, दर १०-१५ मिनिटांनी ३ मिली सँपल.

सोबत तीन कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे बीकर, एकाच दिवशी, एकाच दिव्याखाली: पावडरशिवाय डाय प्रकाशात, पावडरसह डाय पूर्ण अंधारात, आणि डाय नसलेली नुसती पावडर पाण्यात. पहिल्यावरून कळतं की डाय आपोआप किती फिका होतो, दुसऱ्यावरून किती चिकटतो, तिसऱ्यावरून सेंट्रिफ्यूज नीट झालंय की नाही. हे तीन नसतील तर ९५ टक्के लिहा नाहीतर ९९, त्या आकड्याला अर्थ नाही. शेवटी पावडर गोळा करून अल्कोहोलमध्ये हलवा, रंग सुटला तर तेवढा डाय चिकटूनच बसला होता.

पीएचचं एक गणित आहे. प्रत्येक पावडरचा एक पीएच असतो जिथे तिच्यावर चार्ज नसतो, टायटॅनियासाठी तो ६ ते ६.५ च्या आसपास. त्याच्या खाली पावडर पॉझिटिव्ह, वर निगेटिव्ह. मिथिलीन ब्लू पॉझिटिव्ह आहे म्हणून अल्कलाइन पाण्यात जास्त चिकटतो, ब्लॅक ५ निगेटिव्ह म्हणून ॲसिडिक पाण्यात. झिंक ऑक्साइडला हा पीएच ९ च्या जवळ आहे, शिवाय ते ॲसिडमध्ये विरघळतं, म्हणजे पीएच ३ ला झिंक ऑक्साइड वापरून रिझल्ट दाखवणाऱ्याने आधी झिंक किती विरघळलं ते दाखवावं.

मॅग्नेटाइट घरच्या घरी म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये बनतं. डिस्टिल्ड वॉटर उकळून झाकून गार करा म्हणजे त्यातली हवा जाते, १०० मिलीमध्ये फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट २ ग्रॅम, म्हणजे दोनास एक प्रमाण झालं. ७० ते ८० अंशाला ढवळत ढवळत अमोनिया घाला, पीएच १० च्या वर गेला की एकदम काळं होतं. हे फ्यूम हूडमध्येच, गरम पाण्यात अमोनिया टाकल्यावर डोळे उघडे ठेवता येत नाहीत. बीकरखाली चुंबक धरा, पावडर खाली बसली की पाणी ओता, पुन्हा पाणी, असं पीएच ७ येईपर्यंत. सगळं नीट झालं तर २.३ ग्रॅमच्या आसपास पावडर मिळते. काळ्याऐवजी तपकिरी आली तर फेरस हवेने बिघडलंय, बहुतेक वेळा बाटली जुनी असते, नवीन आणा.

कडुलिंब, तुळस, चहा वगैरेच्या अर्कातून 'ग्रीन' नॅनोपार्टिकल करायची फॅशन आहे. करायला हरकत नाही, पण अर्कातली सेंद्रिय द्रव्यं पावडरवर राहतात आणि पुढे पाण्यात उतरून सीओडी (पाण्यातली द्रव्यं रसायनाने ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन) वाढवतात, म्हणून नुसत्या पानाच्या अर्काचा आणि धुतलेल्या पावडरीच्या पाण्याचा सीओडी वेगळा काढा. एक्सआरडी (स्फटिकरचना बघायला), एसईएमसाठी (कणांचे फोटो काढायला) विद्यापीठात आणि पाषाणच्या संस्थांमध्ये चौकशी करा, कॉलेजचं पत्र आणि फी लागते आणि नंबर लागायला वेळ जातो, त्यामुळे पावडर तयार झाली की लगेच सँपल द्या, शेवटच्या महिन्यात धावाधाव नको.

बॅक्टेरियाचा भाग

या बाबतीत पुण्यात राहणाऱ्यांचं नशीब चांगलं आहे. एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, एनसीसीएसचं (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) राष्ट्रीय सूक्ष्मजीव केंद्र आहे, कल्चर मागवायला बाहेरगावी जायला नको. बॅसिलस, स्यूडोमोनास या कुळातले बरेच बॅक्टेरिया ॲझो डाय फोडतात. पण स्वतः शोधलेला बॅक्टेरिया जास्त शिकवतो, आणि डाईंगच्या नाल्याचा गाळ मिळाला तर अवश्य करा, वर्षानुवर्षं रंगीत पाण्यात राहिलेले जंतू तिथे असतात. हातमोजे घालून, कारण त्याच नाल्यात मैलापाणीही असतं.

१ ग्रॅम गाळ १०० मिली अर्ध्या ताकदीच्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये, डाय ५० पीपीएम, तोंडाला कापूस, ३० ते ३७ अंशाला स्थिर ठेवायचं. रंग गेला की त्यातलं ५ ते १० मिली ताज्या ब्रॉथमध्ये, पुन्हा रंग गेला की पुन्हा, आणि हळूहळू डाय वाढवत १००, २००. चार-पाच वेळा झालं की पातळ करून डाय घातलेल्या अगारवर पसरवा, ज्या कॉलनीभोवती फिकं कडं दिसेल ती उचला. डाय मीडियासोबत ऑटोक्लेव्ह करू नका, १२१ अंशाला साखर आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या सोबत काही ॲझो डाय तिथेच फिके पडतात, डाय वेगळा फिल्टर करून नंतर घाला आणि घातल्यावर मोजा.

शेकरवर का नाही ठेवायचं, हा प्रश्न सगळे विचारतात कारण मायक्रोबायोलॉजीत सगळं शेकरवरच असतं. ॲझो बंध तोडायला बॅक्टेरिया त्याला इलेक्ट्रॉन देतात, ॲझोरिडक्टेज एन्झाइममार्फत. हवा असेल तर ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन आधी पळवतो, डायच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून शेकरवर पेशी भरपूर वाढतात आणि रंग तसाच, आणि स्थिर फ्लास्कमध्ये वाढ कमी पण रंग साफ.

पण स्थिर फ्लास्कमध्ये काम अर्धंच होतं. ॲझो बंध तुटला की ॲरोमॅटिक अमाइन्स तयार होतात, बिनरंगी, आणि त्यातली काही मूळ डायपेक्षा घातक. ती तोडायला मात्र बहुतेकदा हवा लागते. म्हणून दोन टप्पे: आधी स्थिर, रंग जाईपर्यंत, मग तोच फ्लास्क शेकरवर १२० आरपीएमला आणखी एक-दोन दिवस. दोन्ही टप्प्यांच्या शेवटी स्कॅन घ्या आणि एकावर एक ठेवून बघा. शेकरवर ठेवल्यावर पाणी तपकिरी झालं तर घाबरू नका, काही अमाइन्स हवेत स्वतःच एकमेकांना जोडून रंगीत होतात, ते निरीक्षण लिहून ठेवा, लपवू नका, ती तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात कामाची ओळ असू शकते.

कंट्रोल इथेही. बॅक्टेरिया न घातलेला फ्लास्क, आणि ऑटोक्लेव्ह करून मारलेल्या पेशी घातलेला फ्लास्क. मेलेल्या पेशींनीही रंग कमी केला तर तो चिकटला. सेंट्रिफ्यूज केल्यावर खाली बसलेल्या पेशींचा रंग बघा, गडद असेल तर डाय तिथे बसलाय, पेशी मूळ रंगाच्या असतील तर तुटला असण्याची शक्यता जास्त. मिथेनॉलमध्ये काढून मोजलं तर पक्कं.

दोन्ही एकत्र आणताना

आता शीर्षकात दोन्ही आहेत म्हणून दोन्ही एका बीकरमध्ये ओतू नका. चांदीचे नॅनोपार्टिकल बॅक्टेरिया मारतात, त्यासाठीच ते प्रसिद्ध आहेत. टायटॅनिया प्रकाशात मारतं, झिंक ऑक्साइडचं झिंक मारतं. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरला असेल तर उरलेलं पेरॉक्साइड मारतं, आणि तेच पेरॉक्साइड सीओडी टेस्टमध्ये खोटा आकडाही वाढवतं. म्हणून आधी थोडा वेळ टायटॅनिया आणि प्रकाश, पावडर पूर्ण काढून टाकायची, मग बॅक्टेरिया, हा क्रम बसतो. उलटं केलं, म्हणजे आधी बॅक्टेरिया मग प्रकाश, तर ब्रॉथमधली प्रथिनं आणि पेशीच प्रकाशाने तयार झालेले, डाय तोडणारे रॅडिकल खाऊन टाकतात आणि गढूळ पाण्यात प्रकाश आत जातच नाही.

नवख्यांना मी तिसरा रस्ता सुचवीन, मॅग्नेटाइट आणि बॅक्टेरिया एकाच मण्यात. सोडियम अल्जिनेट २ ते ३ टक्के, त्यात ओल्या पेशी आणि १०० मिलीला अर्धा ग्रॅम मॅग्नेटाइट, सिरिंजने थेंब थेंब २ टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायचं, साबुदाण्यासारखे काळे मणी होतात. दोन तास घट्ट होऊ द्या, सलाइनने धुवा. मॅग्नेटाइट सहसा बॅक्टेरियाला मारत नाही, इलेक्ट्रॉन पोचवायला मदत करू शकतं, आणि काम झालं की सगळे मणी चुंबकाने उचलता येतात, सेंट्रिफ्यूज नको. एकच पथ्य, फॉस्फेट बफर वापरू नका, फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी विरघळतात, आणि हे बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी चिखल झाल्यावर कळतं. मणी चार प्रकारचे करा: रिकामे, फक्त मॅग्नेटाइटचे, फक्त पेशींचे, दोन्हीचे. चौथ्याने पहिल्या तिघांपेक्षा जास्त केलं तरच एकत्र आणण्याला अर्थ आहे, आणि नाही केलं तर तसंच लिहा. तेच मणी पुन्हा पुन्हा वापरून बघा आणि दरवेळी पाण्यात लोह किती उतरतं ते फेनँथ्रोलीनने (लोहाशी मिळून लालसर नारिंगी रंग देणारं रसायन) मोजा.

पाणी खरंच सुधारलं का

सीओडी कराच. रंग ९० टक्के गेला आणि सीओडी १५ टक्केच उतरला असं फार वेळा होतं, आणि त्याचा अर्थ तुकडे पाण्यातच आहेत. ब्रॉथचा स्वतःचा सीओडी हजारांमध्ये असतो, तो वजा न करता कुठलाही निष्कर्ष काढू नका, शक्यतो कमी ब्रॉथ वापरा. प्रत्यक्ष प्लांटमध्ये ब्रॉथ कोण घालणार, तिथे साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) किंवा गूळ परवडतो, तुम्हीही एखादा सेट मळीवर लावा, आपल्याकडे ती मिळायला अडचण नाही.

दुसरी टेस्ट मूग आणि ज्वारीची, आणि ही माझी सगळ्यात आवडती, कारण कुठल्याही मशिनशिवाय होते. पेट्री प्लेटमध्ये ओला फिल्टर पेपर, प्रत्येकीत १० दाणे, एका सेटला साधं पाणी, एकाला मूळ डाय, एकाला ट्रीट केलेलं, आणि एकाला डाय नसलेलं वापरलेलं ब्रॉथ, ५ मिली रोज. सगळ्यांचा पीएच आधी ७ ला आणा. सातव्या दिवशी किती रुजले आणि मूळ-कोंब किती लांब ते पट्टीने मोजा. तीन-तीन प्लेट प्रत्येकी. ट्रीट केलेल्या पाण्यातले दाणे मूळ डायपेक्षा वाईट आले तर रंग जाऊन विष वाढलंय.

कारखान्याचं पाणी घेताना

लेखी परवानगी घेऊनच. ईटीपीवर (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटवर) जो ऑपरेटर असतो त्याच्याशी बोला, कुठल्या बॅचला कुठला रंग होता, मीठ किती, हे त्याला तोंडपाठ असतं आणि ते कुठल्या पेपरमध्ये मिळणार नाही. एकदाच भरलेला कॅन तासाभरापुरता खरा, रंगाची बॅच बदलली की पाणी बदलतं, म्हणून दिवसभरात दर दोन तासांनी थोडं थोडं घेऊन एकत्र करा. इक्वलायझेशन टँकचं (सगळं सांडपाणी आधी जिथे एकत्र जमतं ती टाकी) घ्या, चुना-फेरस टाकल्यानंतरचं नको. बर्फाच्या डब्यातून आणा, ४ अंशाला ठेवा, सीओडीसाठीचं वेगळं काढून सल्फ्युरिक ॲसिडने पीएच २ च्या खाली.

लॅबमधले आकडे इथे पडणार, तयारी ठेवा. क्लोराइड आणि कार्बोनेट रॅडिकल खातात, म्हणून टायटॅनिया मंदावतं. जास्त मिठात बरेच बॅक्टेरिया वाढत नाहीत. सीओडी टेस्टमध्ये क्लोराइडही ऑक्सिडाइझ होतं, मर्क्युरिक सल्फेट पुरेसं घातलं नाही तर आकडा खोटा. आणि मीठ तर या दोन्ही पद्धतींनी जराही कमी होत नाही. २०१६ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे कापड उद्योगाच्या बाहेर सोडायच्या पाण्याला पीएच ६.५ ते ८.५, रंग १५० प्लॅटिनम कोबाल्ट युनिट, बीओडी (जंतूंना लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी २५०, टीडीएस (विरघळलेले क्षार) २१०० मिलिग्रॅम प्रति लिटर अशा मर्यादा आहेत. तुमचे मणी रंग आणि सीओडीवर काम करतील, टीडीएससाठी आरओ किंवा बाष्पीभवनच लागतं. 'कारखान्याला उपयोगी' असं लिहायच्या आधी हा फरक लिहा.

कचरा

कोरडी नॅनो पावडर तोलताना एन९५ मास्क आणि पंखा बंद. यूव्हीसमोर गॉगल. बॅक्टेरिया असलेलं सगळं १२१ अंशाला २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर. डाय आणि नॅनोचं पाणी सिंकमध्ये ओतू नका, आपल्याकडचं सिंक शेवटी मुळा-मुठेलाच मिळतं. एक कॅन डायच्या पाण्याला, एक वापरलेल्या पावडरी आणि मण्यांना, आणि सीओडीच्या पाऱ्या-क्रोमियमच्या पाण्याला तिसरा, तो कधीच इतरांत मिसळायचा नाही. प्रत्येकावर काय आहे, किती आहे आणि तारीख असं मराठीत आणि इंग्रजीत लिहा, कारण उचलणारा माणूस तुम्ही नसता. जिल्ह्यात घातक कचऱ्याचं सामाईक केंद्र रांजणगावला आहे, कॉलेजची त्यांच्याकडे नोंदणी आहे का ते प्रोजेक्टच्या पहिल्याच आठवड्यात लॅब असिस्टंटला विचारा, नसेल तर एचओडींच्या सहीने अर्ज करून घ्या, आणि तोवर कॅन झाकण लावून ट्रेमध्ये, उन्हापासून लांब.